पगार, शेती आणि रिटर्न : सॉफ्टवेअर अडलं की कुणाला आणि काय विचारायचं

दरवर्षी मृग निघतो, शाळेची घंटा वाजते आणि माझा फोनही वाजायला लागतो. पलीकडून बहुतेक वेळा एकच वाक्य येतं, “मॅडम, ते सॉफ्टवेअर पुढंच जाऊ देईना.” मी कर सल्लागार नाही. लातूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते, घरी थोडी सोयाबीन-तुरीची जमीन आहे, आणि गेली काही वर्षं स्वतःचं आयकराचं रिटर्न स्वतः भरते. सहकाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांची रिटर्नं भरताना एक गोष्ट पक्की कळली. माणसं बटणापाशी अडतात असं वाटतं, पण खरी चूक सॉफ्टवेअर जे विचारतच नाही तिथं होते. त्याला तुमचा पगार माहीत असतो, राष्ट्रीयीकृत बँकेचं व्याज माहीत असतं. मोंढ्यात घातलेल्या सोयाबीनची पट्टी, गावच्या पतसंस्थेतली ठेव, चुलत्याकडून बटईनं केलेली दोन एकर जमीन, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. ते आपण सांगायचं असतं, आणि कुठं सांगायचं हे कळेना तर योग्य माणसाला विचारायचं असतं.

पहिल्यांदा रिटर्न भरणारे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, नर्स, बँकेत नव्यानं लागलेली लेकरं यांच्यासाठी हे लिहिते आहे. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या कमाईचे.

आधी वर्षाचा घोळ मिटवू

पोर्टलवर पहिलाच प्रश्न वर्षाचा येतो आणि तिथंच निम्मे लोक चुकतात. ज्या वर्षी कमावलं ते आर्थिक वर्ष. त्याच्या पुढचं, ज्यात हिशोब देतो, ते असेसमेंट इयर म्हणजे निर्धारण वर्ष. २०२५-२६ च्या कमाईसाठी निर्धारण वर्ष २०२६-२७ निवडायचं. यंदा गोंधळ वाढायला आणखी एक कारण आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आणि त्यात या दोन वर्षांऐवजी ‘कर वर्ष’ असा एकच शब्द आला. पण २०२५-२६ च्या कमाईचं रिटर्न अजून १९६१ च्याच कायद्यानं भरायचं आहे. म्हणून कुणी यूट्यूबवर किंवा गप्पा मारणाऱ्या एआय ॲपवर उत्तर दिलं, तर पहिलं हे बघा की ते कोणत्या वर्षाचं आहे. करमुक्त टप्पा ३ लाख सांगणारा व्हिडिओ खोटा नसतो, आदल्या वर्षाचा असतो.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं

तीन वाटा आहेत. पहिली, आयकर खात्याचं ई-फाइलिंग पोर्टल. सध्याचं पोर्टल ७ जून २०२१ ला सुरू झालं. तिथं ऑनलाइन फॉर्म फुकट भरता येतो आणि पगार, टीडीएस म्हणजे पगारातून-व्याजातून आधीच कापलेला कर, व्याज हे बरंचसं आधीच भरून येतं. दुसरी, त्याच पोर्टलवरून उतरवून घेता येणारी ऑफलाइन युटिलिटी. आपल्याकडं लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो, त्यामुळं तालुक्याबाहेर राहणाऱ्यांना ही फार उपयोगी: संगणकावर निवांत भरा, फाइल जतन करा, रेंज मिळाली की वर चढवा. तिसरी वाट क्लिअरटॅक्स, क्विको यांसारख्या खासगी सेवांची. त्यांचे प्रश्न साध्या भाषेत असतात, शेअरच्या व्यवहारांचा अहवाल ब्रोकरकडून थेट घेता येतो, आणि जास्तीचे पैसे भरले तर माणसाची मदतही मिळते.

फक्त पगार आणि बँकेचं व्याज असेल तर सरकारी पोर्टल पुरेसं आहे, पैसे घालवू नका. वर्षभरात शेअरची पाच-पन्नास खरेदी-विक्री झाली असेल तर खासगी सॉफ्टवेअरचे पैसे वसूल होतात. कोणतंही वापरलं तरी जबाबदारी तुमचीच राहते. रिटर्नच्या शेवटी जे सत्यापन असतं ते तुमच्या नावानं असतं, सॉफ्टवेअरच्या नावानं नसतं.

खातं तुमचं, मोबाइल तुमचा

पॅन हाच युजर आयडी. नोंदणी करताना मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. हे मी जीव तोडून सांगते, कारण मला याची झळ लागली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका केंद्रावर रिटर्न भरून घेतलं. तिथल्या मुलानं त्याच्या सोयीसाठी स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकला. पुढं आयकर खात्याचं पत्र त्या ईमेलवर गेलं, तो मुलगा तोवर पुण्याला कामाला गेलेला. मला कळलं तेव्हा उत्तर द्यायची मुदत उलटून गेली होती.

तुमचंही पूर्वी कुणी भरून दिलं असेल तर आजच लॉगिन करून ‘माय प्रोफाइल’मध्ये जा आणि दोन्ही तपासा. पासवर्ड माहीत नसेल तर ‘फरगॉट पासवर्ड’मधून आधारच्या ओटीपीनं नवा करता येतो; त्यासाठी आधारला आपला चालू नंबर जोडलेला हवा. पॅन-आधार जोडणी झाली आहे का तेही तिथंच दिसतं. झाली नसेल तर पॅन निष्क्रिय धरला जातो, रिफंड अडतो आणि टीडीएस जास्त दरानं कापला जातो. शेवटी ‘माय बँक अकाउंट’मध्ये खातं प्री-व्हॅलिडेट करा, म्हणजे आधीच पडताळून घ्या. खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. लग्नानंतर बँकेत नाव बदललेल्या आणि पॅन माहेरच्या नावावर राहिलेल्या माझ्या तीन मैत्रिणींचे रिफंड याच एका कारणानं परत गेले होते.

फॉर्म १६ हातात आल्याशिवाय बसू नका

एप्रिलमध्येच रिटर्न भरायची काहींना हौस असते. थांबा. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायला कार्यालयाला ३१ मेपर्यंत मुदत असते आणि फॉर्म १६ द्यायला १५ जूनपर्यंत. त्याआधी भरलं तर शेवटच्या तिमाहीतला कापलेला कर पोर्टलवर दिसतच नाही.

फॉर्म १६ चे दोन भाग असतात. भाग ‘ब’मध्ये पगाराचा हिशोब, भाग ‘अ’मध्ये कापलेल्या आणि सरकारजमा झालेल्या कराची तिमाहीवार नोंद. आपल्याकडच्या कित्येक कार्यालयांतून एक्सेलमध्ये केलेला नुसता भाग ‘ब’ सही-शिक्क्यानिशी हातात देतात आणि लोक तोच फॉर्म १६ समजतात. भाग ‘अ’ ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएससाठीच्या संकेतस्थळावरूनच निघतो, त्यावर प्रमाणपत्र क्रमांक असतो. तो नम्रपणे पण ठामपणे मागा.

मग पोर्टलवरून दोन कागद उतरवा: २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराची नोंद, आणि एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरण. एआयएसची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो, पॅन लहान लिपीत आणि त्याला जोडून जन्मतारीख आठ आकड्यांत. त्यात पगार, व्याज, लाभांश, शेअरची विक्री, मोठी खरेदी असं सगळं दिसतं. आता पेन घेऊन फॉर्म १६, २६एएस आणि एआयएस शेजारी-शेजारी ठेवा आणि एकेका आकड्यावर टिक करा. संगणकावर बसण्याआधीचा हा अर्धा तास पुढचे सहा महिने वाचवतो.

एआयएसमध्ये नसलेलं उत्पन्न करमुक्त होत नाही. पतसंस्थेचं व्याज बऱ्याचदा तिथं येत नाही, तरी ते दाखवावंच लागतं. उलट कधी-कधी तुमचं नसलेलंही येतं. भावासोबतच्या संयुक्त खात्यातलं सगळं व्याज एकट्याच्या पॅनवर चढलेलं मी पाहिलं आहे. अशा वेळी त्या ओळीवर ‘फीडबॅक’ देऊन माहिती पूर्ण बरोबर नाही असं कळवता येतं.

शेती आहे? मग ‘सहज’ इतका सहज नाही

इथं जरा थांबून वाचा, कारण मराठवाड्यातल्या पगारदारांची सगळ्यात जास्त चूक याच ठिकाणी होते.

आयटीआर-१ म्हणजे ‘सहज’ हा फॉर्म ५० लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पगारदारांसाठी असतो. पण त्यात शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंतच चालतं. त्यापुढं गेलं की आयटीआर-२. शेतीचं उत्पन्न कलम १०(१) खाली करमुक्त आहे हे खरं, म्हणून लोक म्हणतात, “कर नाही तर दाखवायचं कशाला?” दाखवायचं अशासाठी की इतर उत्पन्नावरचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न धरलं जातं.

आकड्यांत सांगते. समजा पगार १४,७५,००० आहे. नवीन करपद्धतीत (तिचे टप्पे पुढं दिले आहेत) ७५,००० प्रमाणित वजावट गेली, राहिले १४,००,०००. शेतीचं निव्वळ उत्पन्न २,००,०००. सॉफ्टवेअर आधी दोन्हींची बेरीज करतं, १६,००,०००. त्यावरचा कर १,२०,०००. मग शेतीच्या २,००,००० मध्ये करमुक्त टप्प्याचे ४,००,००० मिळवून ६,००,००० वरचा कर काढतं, तो १०,०००. वजा जाता १,१०,०००, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण १,१४,४००. शेती दाखवलीच नसती तर ९३,६०० झाला असता. फरक २०,८०० रुपयांचा. शेतीवर कर लागत नाही, पण शेतीमुळं पगारावरचा कर वाढतो, तो असा.

हे गणित सॉफ्टवेअर बिनचूक करतं. फक्त ‘शेती आहे का’ हे ते तुम्हाला आग्रहानं विचारत नाही. आयटीआर-२ मध्ये ‘शेड्यूल ईआय’ नावाचा भाग असतो, तिथं एकूण आवक, झालेला खर्च आणि निव्वळ रक्कम भरायची. निव्वळ रक्कम ५ लाखांच्या वर गेली तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकीची की भाड्यानं केलेली, ओलिताची की कोरडवाहू हेही सांगावं लागतं. क्षेत्र एकरात मागतात आणि आपला सातबारा असतो हेक्टर-आरमध्ये. १ हेक्टर म्हणजे २.४७१ एकर, तेव्हा १ हेक्टर १० आर म्हणजे साधारण २.७२ एकर. आकडा तसाच उचलून टाकू नका.

खर्चाच्या पावत्या ठेवा. बियाणं, खत, फवारणी, मजुरी, मळणी, आणि आडत्याकडची हिशोबपट्टी. मी पत्र्याच्या एका डब्यात टाकत जाते.

आता शेती कशाला म्हणायचं? दुधाचा धंदा, शेळीपालन, कुक्कुटपालन यांचं उत्पन्न आयकराच्या भाषेत शेती नाही. रेशीम उद्योगाबद्दल तर आवर्जून सांगितलं पाहिजे, कारण बीड, जालना, धाराशिव या भागांत तुतीची लागवड करून कोष विकणारी कितीतरी घरं आहेत. तुती वाढवणं ही शेती, पण त्या पाल्यावर अळ्या पोसून विकलेल्या कोषांचं उत्पन्न शेतीचं नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली दिला आहे. जोडीदार नोकरीत आणि घरात रेशीम असेल, तर हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या मदतकक्षाला विचारत बसू नका, थेट सीएकडं न्या.

उत्पन्न नेमकं कुणाचं, हाही प्रश्न येतो. सातबारा वडिलांच्या नावे, कसतात वडील, पट्टी त्यांच्या नावे निघते, तर ते त्यांचं उत्पन्न. तुम्ही पोळ्याला घरी जाता म्हणून ते तुमचं होत नाही. वाटणी न झालेली वडिलोपार्जित जमीन असेल तर एकत्र हिंदू कुटुंबाचा मुद्दा येतो. त्यालाही जाणकार माणूसच हवा.

जुनी पद्धत की नवीन

नवीन पद्धत आता आपोआप लागू होते. २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत शून्य, पुढच्या प्रत्येक ४ लाखांवर ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांच्या पुढं ३० टक्के. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए ची ६०,००० पर्यंतची सूट मिळते, म्हणून पगारदाराला १२,७५,००० पर्यंत कर येत नाही असं म्हणतात. शेअरच्या विक्रीसारख्या वेगळ्या दरानं कर लागणाऱ्या उत्पन्नाला ती सूट नाही, हे तरुण मंडळींनी लक्षात घ्यावं.

जुन्या पद्धतीत कलम ८०सी खालच्या बचतीचे दीड लाख, आरोग्य विमा, घरभाडे भत्ता, गृहकर्जाचं व्याज, आपला २,५०० रुपयांचा व्यवसाय कर हे सगळं वजा होतं, पण टप्पे जुने आहेत. वाद घालत बसू नका. पोर्टलवर लॉगिन न करता वापरता येणारं कर-गणकयंत्र आहे, त्यात दोन्ही आकडे दोन मिनिटांत दिसतात. कार्यालयानं एका पद्धतीनं कर कापला असला तरी धंद्याचं उत्पन्न नसलेल्या माणसाला रिटर्न भरताना दुसरी निवडता येते. अट एकच, मुदतीत भरा. उशिरा भरलं की जुनी पद्धत हातची जाते.

पगारदारांची मुदत साधारणपणे ३१ जुलै. २०२५ मध्ये ती १५ सप्टेंबर आणि शेवटी १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती, पण दरवर्षी वाढेल या भरवशावर राहू नका. उशीर झाला तर ५,००० रुपये विलंब शुल्क, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००.

शिक्षकांसाठी एक खास गोष्ट. चटोपाध्यायची म्हणजे वरिष्ठ वेतनश्रेणीची किंवा महागाई भत्त्याची थकबाकी एकदम मिळाली असेल तर कलम ८९ ची सवलत घेता येते, पण त्यासाठी रिटर्नच्या आधी १०ई हा फॉर्म पोर्टलवर भरावा लागतो. सॉफ्टवेअर सवलतीचा आकडा टाकू देतं. १०ई भरला नसेल तर ती पुढं नामंजूर होते.

अडलं की आधी प्रश्न कागदावर उतरवा

मदत न मिळण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे प्रश्न अर्धवट असतो. “टीडीएस दिसेना” यावर कुणी काय सांगणार? फोन लावण्याआधी पाच गोष्टी लिहून काढा: कोणतं वर्ष, कोणता फॉर्म, कोणत्या पानावर अडलं, पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, आणि तुमचा आकडा व तिथं दिसणारा आकडा.

मागच्या वर्षी एका सहकाऱ्यानं मला विचारलं होतं, “माझा टॅक्स कापला पण गेला कुठं?” आम्ही दोघांनी मिळून तोच प्रश्न असा लिहिला: “फॉर्म १६ च्या भाग ‘ब’मध्ये टीडीएस ५८,०००. २६एएसमध्ये ४३,५००. फरक १४,५००. पहिल्या तीन तिमाही जुळतात, जानेवारी ते मार्चची नोंदच नाही. त्या तीन महिन्यांच्या पगारपत्रकात कपात दिसते.” एवढं लिहिल्यावर उत्तर निम्मं समोर आलं. पोर्टल बिघडलं नव्हतं, कार्यालयाच्या तिमाही विवरणात त्यांचा पॅन एका अक्षरानं चुकला होता. संबंधितांनी दुरुस्ती विवरण भरलं आणि पुढं नोंद दिसायला लागली. तोवर त्यांनी रिटर्न थांबवलं, हे बरं केलं. २६एएसमध्ये नसलेला टीडीएस मागितला की खातं तो धरत नाही आणि उलट तुमच्याकडंच मागणी काढतं. कापल्याचा पुरावा असेल तर कायदा तुमच्या बाजूनं आहे, पण ते भांडण महिनोन्‌महिने चालतं.

स्क्रीनशॉट काढताना पॅन, आधार, खाते क्रमांक झाकायला विसरू नका. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात लोक पूर्ण फॉर्म १६ टाकून “कुणीतरी बघा” म्हणतात. असं करू नका, बाबांनो. त्यात तुमची सगळी कुंडली असते.

कोणता प्रश्न कोणाच्या दारात

लॉगिन होत नाही, ओटीपी येत नाही, फॉर्म सबमिट होत नाही, रिफंड कुठवर आला, हे प्रश्न ई-फाइलिंगच्या मदत क्रमांकांवर विचारा: १८०० १०३ ००२५ आणि १८०० ४१९ ००२५. दोन्ही बिनखर्चाचे, सोमवार ते शुक्रवार. सकाळी लवकर लावलेला बरा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ताटकळावं लागतं. एआयएसबद्दल काही असेल तर वेगळा क्रमांक आहे, १८०० १०३ ४२१५. फोनवरून काम झालं नाही तर पोर्टलवर ‘ग्रिव्हन्स’मध्ये तक्रार नोंदवा आणि मिळालेला पोच क्रमांक लिहून ठेवा. लेखी तक्रारीचा माग राहतो, फोनचा राहत नाही.

टीडीएस कमी दिसतो, पगाराचा आकडा चुकला, भाग ‘अ’ मिळाला नाही, हे फक्त पगार काढणारं कार्यालय सुधारू शकतं. आयकर खात्याला फोन करून काही उपयोग नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. व्याजाचा टीडीएस असेल तर तसंच बँकेच्या शाखेत.

खासगी सॉफ्टवेअरच्या चॅटवर त्यांच्या सॉफ्टवेअरबद्दल विचारा: अमुक रकाना कुठं आहे, फाइल का चढत नाही. “हे उत्पन्न करपात्र आहे का” या प्रश्नाचं चॅटवर आलेलं एका ओळीचं उत्तर शेवटचं मानू नका, विशेषतः शेती, भूसंपादनाचा मोबदला, जमिनीची विक्री यांबाबत. समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्या कुटुंबांचे प्रश्न मी पाहिले आहेत. मोबदला कोणत्या कायद्याखाली मिळाला, जमीन पालिकेच्या हद्दीपासून किती अंतरावर होती, वाढीव मोबदल्यावर व्याज किती, या एकेका मुद्द्यावर उत्तर बदलतं. तिथं सीएची फी हा खर्च नाही, संरक्षण आहे. फी आधी विचारा, रिटर्न पाठवण्याआधी त्याची प्रत दाखवायला सांगा, आणि ती ओळ-ओळ वाचा.

आणि ‘रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. राजकीय देणगी, खोटा विमा, खोटं घरभाडं दाखवून रिफंड काढणाऱ्यांची साखळी शोधायला आयकर खात्यानं जुलै २०२५ मध्ये देशभर तपासणी केली. अशा प्रकरणात एजंट नामानिराळा राहतो आणि कर, व्याज, वर चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड ज्याच्या पॅनवर रिटर्न गेलं त्यालाच लागू शकतो. रिफंड म्हणजे तुमचाच जास्त कापलेला कर परत मिळणं. कापलाच नसेल तर परत काय येणार?

एक प्रश्न कोणतंच सॉफ्टवेअर सोडवत नाही आणि गावात सगळ्यात जास्त तोच विचारतात: “रिटर्न भरलं तर घरच्यांचं पीएम किसान बंद होतं का?” योजनेच्या नियमात आधीच्या निर्धारण वर्षात आयकर भरलेल्यांना अपात्र ठरवलं आहे. रिटर्न दाखल करणं आणि कर भरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शंका असेल तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन विचारा, पण त्या भीतीनं रिटर्न टाळू नका. घरकर्ज किंवा ट्रॅक्टरचं कर्ज मागायला गेलं की बँक पहिली तीच मागते.

पाठवलं म्हणजे झालं नाही

सबमिट केल्यावर ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय म्हणजे ऑनलाइन सत्यापन करावं लागतं. आधारचा ओटीपी हा सगळ्यात सोपा मार्ग. आधारला मोबाइल नसेल तर नेट बँकिंगनं किंवा प्री-व्हॅलिडेट केलेल्या बँक खात्यावरून करता येतं. तेही जमेना तर आयटीआर-व्ही हा सत्यापनाचा कागद छापून, सही करून बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला टपालानं पाठवा. व्हेरिफाय न केलेलं रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं. चूक लक्षात आली तर घाबरू नका, सुधारित रिटर्न भरता येतं.

पुढं काही दिवसांनी ईमेलवर कलम १४३(१) ची सूचना येते. ‘नोटीस आली’ म्हणून माणसं रडकुंडीला येतात, पण ती सगळ्यांनाच येते. तिच्यात दोन रकाने शेजारी-शेजारी असतात: तुम्ही दिलेला आकडा आणि खात्यानं धरलेला आकडा. वरून खाली दोन्ही जुळतात का बघत जायचं. जिथं जुळत नाही तिथं बोट ठेवा आणि कारण शोधा. खात्याची चूक असेल तर पोर्टलवरूनच कलम १५४ खाली दुरुस्तीची विनंती करता येते. तुमची असेल तर निघालेला कर ‘ई-पे टॅक्स’मधून भरा. कलम १३९(९) चं पत्र आलं तर मात्र ते बाजूला ठेवू नका. रिटर्नमध्ये काही अपुरं आहे असा त्याचा अर्थ, आणि उत्तराला साधारण १५ दिवस असतात. आयटीआर-१ मध्ये न बसणारं उत्पन्न त्यातच कोंबलेल्यांना हे पत्र येऊ शकतं.

पत्र खरं आहे का हे ओळखायला ईमेलमधल्या दुव्यावर बोट न लावता स्वतः पोर्टलवर लॉगिन करा आणि ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये बघा. तिथं असेल तर खरं. ‘रिफंड मंजूर, खाते क्रमांक पाठवा’ असा एसएमएस कितीही खरा वाटला तरी तिथं नसेल तर पुसून टाका.